वाळुंजाचा पडदा

माझी बाग बघायला कराडहून, सांगलीहून माणसं येतात. पायवाटेनं पाण्यापर्यंत उतरतात, वाळुंजाच्या फांद्या हातानं बाजूला करून नदी बघतात आणि वर येऊन म्हणतात, "घर कुठं संपलं आणि काठ कुठं सुरू झाला तेच कळत नाही. निसर्गावर किती प्रेम आहे हो तुमचं!" मी त्यांना चहा देते. प्रेमाचा त्यात थोडा वाटा आहे, नाही असं नाही. पण ही बाग मी लावली ती माझ्या थोरल्या दिरांना नदी दिसू नये म्हणून.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. सासऱ्यांनी हयातीतच दोन मुलांना वाटण्या करून दिल्या. थोरल्यांना रस्त्याकडची, खाली नदीपर्यंत गेलेली सपाट जमीन मिळाली. आमच्या वाट्याला आली ती ढोपरासारखी नदीत पुढं गेलेली, उताराची, पुराची जागा. तिथं ऊस होत नाही, म्हणून ती कुणाला नकोच होती. माझ्या मालकांना मात्र ती हवी होती. ते सैन्यात होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले, आणि आल्या आल्या त्यांनी त्या ढोपरावर उंच जोतं बांधून घर उभं केलं. मी मलकापूरच्या एका दवाखान्यात नर्स होते. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची मी सिस्टर. थोरले दीरसुद्धा सिस्टरच म्हणतात.

घराच्या मागं, अगदी पाण्यालगत, जुनी झाडं होती. दोन करंज, एक उंबर, आणि पाण्यावर ओणवं झालेलं एक भलं मोठं वाळुंज. वाळुंज हे काठाचंच झाड. बारीक लांब पानं, पाण्याकडं झुकलेल्या फांद्या, आणि पुरात वाकून पुन्हा उभं राहण्याची ताकद. आमच्या वाळुंजाची एक मुळी जमिनीवर येऊन खुर्चीसारखी झाली होती.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात मालकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हातापायात हळूहळू जीव आला. शब्द मात्र येईनात. दवाखान्यात शिकवलेले व्यायाम मी घेत होते, चित्रं दाखवत होते, पण ते चिडायचे आणि मान फिरवायचे. मग एका संध्याकाळी मी त्यांना धरून त्या मुळीवर नेऊन बसवलं. समोर पाण्यात बगळा उभा होता. ते बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ब... बगळा." मी रडले नाही, नोकरीनं ती सवय मोडली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. मग रोजच. खंड्या, होडी, पाणी, म्हस, एकेक शब्द त्यांना त्या झाडाखाली परत सापडत होता. घरात बसलं की गाडं अडायचं, मुळीवर बसलं की चालू व्हायचं.

पुण्याला मुलीचं बाळंतपण आलं. यांना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघंही गेलो आणि सव्वा महिन्यानं परत आलो. रिक्षातून उतरले, कुलपाला किल्ली लावली, आणि मला घरात नेहमीपेक्षा जास्त उजेड वाटला. मागचं दार उघडलं. समोर नुसती नदी होती. उघडी, पांढरी, डोळ्यात घुसणारी. काठावर बुंधे होते आणि जेसीबीच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. वाळुंजाचा तर बुंधाही उपटून काढला होता, तिथं खड्डा होता.

हे काठी टेकत माझ्या मागं आले. खड्ड्याकडं बघून म्हणाले, "को... कोनी?"

तेवढ्यात थोरले दीर आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा.

"या सिस्टर! नातू झाला म्हनं. बगा, कसं मोकळं मोकळं करून ठिवलंय. साप-किरडू लय झालं हुतं त्या झाडीत."

"भावजी, आमाला इचारलं का न्हाई?"

"आवं, घरातलंच हाय की. भावाच्या जागंत पाऊल टाकाय आता अर्ज करायचा व्हय?"

त्यांनी पेढा यांच्या तोंडापुढं धरला. यांनी तोंड उघडलं नाही.

खरं कारण आठवड्याभरात कळलं. दिरांनी रस्त्याकडच्या जमिनीवर लग्नाचं लॉन करायचं ठरवलं होतं, आणि नदीच्या बाजूला सिमेंटचा मोठा कट्टा. त्याला ते डेक म्हणायचे. जेवताना, फोटो काढताना पाहुण्यांना नदीवरचा सूर्यास्त दिसावा असा बेत होता. अडचण अशी की त्यांच्या जमिनीसमोर नदीत पाणी उपसायच्या जुन्या योजनेची विहीर आणि गंजके पाइप आहेत. तिकडून दिसतात ते पाइपच. नदीचं लांबलचक वळण आणि त्यावर मावळणारा सूर्य दिसतो तो आमच्या ढोपरावरून. मध्ये आमची झाडं येत होती.

त्यानंतर हे मागच्या दारी गेले नाहीत. मी खुर्ची नेऊन ठेवली, छत्री बांधली, हाताला धरून ओढलं. ते पाण्याकडं पाठ करून उभे राहायचे. आलेले शब्द एकेक करून गेले. शेवटी दोनच उरले, 'पाणी' आणि 'नको'. पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ भरला आणि ते गेले. मी नर्स आहे, न्युमोनियानं माणूस कसा जातो हे मला ठाऊक आहे. सर्टिफिकेटवर जे लिहिलं ते खरंच होतं. पण जगायचं कशाला हा प्रश्न माणसाला आधी पडतो आणि न्युमोनिया मागून येतो, हेही मी वॉर्डात पाहिलेलं आहे.

तेराव्याचं जेवण चालू असताना शेजारी डेकचा स्लॅब पडत होता. मिक्सरचा आवाज पंगतीत ऐकू येत होता. भटजींनी मंत्र मोठ्यानं म्हणायला घेतले. दीर आत येऊन मला म्हणाले, "सिमेंट भिजवलं हुतं, थांबवता आलं न्हाई." मी मान डोलावली. त्या क्षणापर्यंत माझ्या पोटात दुःख होतं. मान डोलावली तेव्हा त्याचं दुसरं काहीतरी झालं.

माझा भाऊ तासगावला असतो, द्राक्षाच्या बागा आहेत. तो म्हणाला, "ताई, परवानगी न घेता झाडं तोडलीत, तक्रार कर." मी विचार केला. तक्रार केली तर दंड होणार, दीर तो भरणार, आणि चार लोकांत कॉलर ताठ करून हिंडणार. प्रकरण मिटणार. मला ते मिटायला नको होतं. दर संध्याकाळी, सूर्य मावळायच्या वेळेला, आपण काय केलं ते त्यांना आठवायला हवं होतं.

लॉनच्या उद्घाटनाला मला बोलावणं आलं आणि मी गेले. वर्षश्राद्धही झालेलं नव्हतं, बायका कुजबुजल्या. मी जिलेबीची ताटली घेऊन डेकवर गेले. पाहुण्यांसाठी पांढरे सोफे मांडले होते. एका सोफ्यावर बसून पाहिलं, सूर्य कुठं उतरतो, नदीचं वळण कुठून कुठवर दिसतं. मग उठून कठड्याशी उभी राहिले आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्या ढोपरावरचा कुठला भाग आड आला तर काय झाकलं जाईल, ते जिलेबी खाता खाता मनात बसवून घेतलं. दीर जवळ आले.

"कसं वाटतंय सिस्टर?"

"लय सुंदर दिसतंय, भावजी," मी म्हटलं. "डोळ्याचं पारणं फिटलं."

भिंत बांधणं सोपं होतं. पण भिंत दिसते. भिंतीवरून भांडण करता येतं, भावकी बसवता येते, कोर्टात जाता येतं. मला असं काही हवं होतं की ते तिथं पहिल्यापासूनच होतं असं वाटावं, आणि त्याकडं बोट दाखवणाराच वेडा ठरावा. म्हणून मी काठ वाचायला निघाले. गावाच्या वर, जिथं यंत्र पोचलेलं नाही तिथं, मी सकाळच्या वेळी चालत जायचे आणि काय कुठं उगवलंय ते बघायचे. अगदी पाण्यात पाय सोडून लव्हाळा आणि शेरणी. शेरणीचं झुडूप चिवट, पुरात दगडाला धरून राहतं. त्याच्या जरा वर वाळुंजं. त्याच्या वर वाळ्याचे ठोंब आणि निगडी, म्हणजे निर्गुडीची माणसाहून उंच होणारी झुडपं. मग करंज, आणि जिथं पाणी क्वचितच येतं तिथं जांभूळ, उंबर. कुठंही रांग नव्हती. कुठं तीन झाडं गळ्यात गळा घालून, कुठं एकटंच एक, मध्ये मोकळं.

आमच्या घराभोवती तेव्हा माझे गुलाब होते, कुंडीतले क्रोटन होते, फाटकाशी दोन शोभेचे पाम होते. नोकरीत असताना हौसेनं आणलेले. ते राहिले असते तर सगळ्यालाच 'बाग' म्हटलं गेलं असतं, लावलेली, म्हणजे कापताही येण्यासारखी. मी गुलाब उपटले. पाम भावाला दिले. फरश्यांची वाट उखडली आणि तिच्या जागी नदीतलेच गोटे पसरले, म्हशी पूर्वी पाण्याला जायच्या त्या वाटेच्या वळणानं. गुलाब उपटताना हाताला काटे लागले, जीव तुटला. पण थांबले नाही.

माझं माहेर द्राक्षांचं, त्यामुळं काडी कशी काढायची, कुठल्या डोळ्यावर कापायची हे लहानपणापासून हातात आहे. वाळुंज तर काडीनंही येतं आणि मनगटाएवढ्या खुंटानंही. उन्हाळ्याच्या अखेरीस भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. वरच्या काठावरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून आम्ही त्याच्या वाळुंजाचे खुंट आणले आणि ओल्या मातीत ठोकले. जिथं ठोकायचे ते मी दाखवत होते. भाऊ दमून म्हणाला, "ताई, ही कसली लागन? ना सरी, ना अंतर. इथं सात दाटीनं आनि तिथं मोकळं रान."

मी त्याला ओट्यावर नेलं, दिरांच्या डेककडं पाठ करून उभं केलं. "इथनं बग, नदी दिसती?"

"दिसती की. मधनं मधनं."

"आता मनात त्यांच्या डेकवर उभा ऱ्हा."

त्यानं मान वळवून डेककडं पाहिलं, मग खुंटांकडं, मग माझ्याकडं. मग म्हणाला, "दाजींना जाऊन लय दिवस झालं न्हाईत, ताई. त्रास करून घिऊ नगंस."

"त्रास न्हाई," मी म्हटलं. "बरं वाटतंय."

आणि खरंच वाटत होतं. मी सकाळी उठायचे, खुंटाला फुटलेला कोंब बघायचे, आणि दिवसभर अंगात बळ असायचं. वॉर्डात पेशंटचा ताप उतरला की जसं वाटायचं तसं. दिरांनी करंज तोडले होते, पण बुंधे ठेवले होते. त्या बुंध्यांना चारी बाजूंनी फुटवे आले. ते बघून तर मी एकटीच मोठ्यानं हसले.

त्या पावसाळ्यात मोठं पाणी आलं. जोत्याच्या पायऱ्या बुडाल्या, मी वरच्या खोलीत बसून होते. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात नदीला सांगत होते, तो डेक घेऊन जा. पाणी उतरल्यावर पाहिलं तर डेक जागच्या जागी होता. लॉनवर गाळ बसला होता, तो दिरांनी यंत्रानं खरवडून काढला आणि नवं गवत आणून गालिच्यासारखं पसरलं. माझ्याकडं मात्र वाळ्याचे ठोंब गेले होते, अर्धी निगडी गेली होती, आणि सगळी वाळुंजं चिखलात आडवी पडली होती, त्यांच्या अंगावर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि उसाची पाचट. पुरानं माझी बाजू घेतली नव्हती. मी दोन दिवस मागचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी चिखलात उतरून एकेका झाडाची पिशवी सोडवायला लागले. दीर डेकवरून बघत होते.

"नदीला आवडलं न्हाई वाटतं सिस्टर, तुमचं काम!"

मी वर पाहिलं नाही. चिखलातल्या फांद्या ओल्या होत्या, आतून हिरव्या. महिनाभरात त्या एकेक करून उठल्या. ज्या आडव्या राहिल्या त्यांनाही वरच्या अंगानं धुमारे आले, आणि एकाच्या जागी पाच-पाच काड्या उभ्या राहिल्या. मी स्वतः लावलं असतं तर एवढं दाट झालं नसतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत जे झालं ते मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून चाखलं. पहिल्या वर्षी सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यापुढून नदीचं वळण गेलं. नवरानवरी उठून कठड्याशी फोटो काढू लागले. दुसऱ्या वर्षी कठड्याशीही पाणी दिसेना, नुसता सूर्य झाडाच्या शेंड्यात अडकलेला. दिरांनी डेकच्या कोपऱ्यात लोखंडी जिना घालून वर एक सज्जा काढला. मी त्या बाजूला भावाकडून कळकाचं, बांबूचं बेट आणून लावलं. कळकाला कुणी वाढ म्हणून सांगावं लागत नाही.

एकदा एक फोटोग्राफर जोडप्याला घेऊन सज्ज्यावर चढला. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "काका, नदी कुठाय? जाहिरातीत तर नदी आहे." दीर म्हणाले, "हाय की, तिकडं झाडीमागं हाय." तो मुलगा म्हणाला, "मग झाडीमागंच जाऊन काढतो ना फोटो." आणि ती तिघं आमच्या फाटकाशी आली. मी त्यांना आत घेतलं, वाट दाखवली, पाणी प्यायला दिलं. मुलगी जरीच्या साडीत वाळुंजाखाली उभी राहिली, सूर्य पाण्यावर आला होता. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "हवा तेवढा वेळ काढा गं, घाई न्हाई!" डेकवर दीर उभे होते. पानांआडून मला त्यांची पांढरी टोपी दिसत होती. त्यांना आम्ही दिसत नव्हतो.

शेवटी त्यांनी भावकी बसवली. एक वयस्कर चुलत सासरे, दोन-चार पुरुष, सगळे आमच्या ओट्यावर. दीर म्हणाले, "सिस्टरनी मुद्दाम झाडं लावून माझा धंदा बसवला. कापून टाकायला सांगा."

चुलत सासऱ्यांनी मला विचारलं, "व्हय गं पोरी, मुद्दाम लावलीस?"

"आवं मामंजी," मी पदर सावरून म्हटलं, "भावजींनी काठ उघडा केला, तो पुन्हा भरून आला. वाळुंज काय, करंज काय, काठाला हेच असतंय. वरच्या अंगाला जाऊन बगा, अशीच झाडी हाय. यातलं मी लावलेलं कुठलं आनि नदीनं लावलेलं कुठलं, एवढं भावजींनी बोट दाखवून सांगावं. त्यांनी दाखवलं ते मी आत्ता कापते."

सगळे उठून काठाला गेले. मीही गेले, हातात कोयता घेऊन. दीर एका वाळुंजापाशी थांबले, मग दुसऱ्यापाशी. बोट उचललं, खाली घेतलं. पुरानं आडवं पाडून फुटलेली झाडं, बुंध्याचे करंज, वाहून आलेल्या बियांची निगडी, माझे खुंट, सगळं एकमेकांत शिरलं होतं. खरं सांगायचं तर मलाही सगळं ओळखता आलं नसतं. चुलत सासरे सावलीत बसले आणि म्हणाले, "काय गार वाटतंय रं हितं. भांडू नगा. च्या टाक पोरी." दिरांनी चहा घेतला नाही.

त्यानंतर महिन्याभरात, मी मुलीकडं गेले असताना, डेकच्या बाजूच्या झाडांची पानं करपली. सरळ पट्ट्यात, पंपाच्या नळीचा हात जिथवर पोचतो तिथवर. उसातल्या तणाचं औषध होतं, वासावरून कुणीही सांगेल. मी मेलेलं काढलं आणि त्या जागी दुप्पट खुंट ठोकले, भर दुपारी, डेकवर लग्नाची पंगत बसलेली असताना. घण घालताना दर ठोक्याला पंगतीतली माणसं वळून बघत होती. मी तेवढ्यासाठीच घण हळू घातला नाही.

मग बगळे आले. आधी ढोकऱ्या, मग पांढरे बगळे, वाळुंजांच्या शेंड्यांवर घरटी करायला लागले. बगळ्यांची वस्ती म्हणजे आवाज आणि घाण. तिन्हीसांजेला थव्याचे थवे लॉनवरून यायचे आणि पांढऱ्या सोफ्यांवर, मांडवाच्या कापडावर, कधी वरपित्याच्या फेट्यावर शिंतोडे पडायचे. दीर फटाके लावायचे, ते उडायचे आणि पुन्हा बसायचे. लग्नं हळूहळू हायवेकडच्या हॉलला जायला लागली. यांना सगळ्यात आधी सापडलेला शब्द बगळाच होता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

माझी जाऊ, तिला मी आक्का म्हणते, एका दुपारी वाट चुकल्यासारखी आत आली. गोट्यांवर बसली आणि पाण्यात पाय सोडले. लग्न होऊन आल्यापासून ती नदीवर धुणं धुवायची, आणि आता तिच्या घरातून ते गंजके पाइप सोडले तर नदीच दिसत नव्हती.

"झाडं पाडली त्या दिशी यंत्रवाल्याला मी च्या करून दिला हुता," ती म्हणाली. "माझ्यावर बी राग हाय न्हवं तुजा?"

"हाय."

"मग हाकलत का न्हाईस?"

"तुमाला नदी दिसू नये असं मी कवा म्हणाले, आक्का?"

ती पुढं रोज येऊ लागली. मी तिच्यासाठी जाडसर ओंडक्याची बैठक करून दिली. घरी गेल्यावर ती नवऱ्याला सांगायची, आज पाणी किती निळं होतं, आज कसा सूर्य बुडाला. भांडून नाही, साधं बोलता बोलता. हे मला तिनंच सांगितलं. मी तिला आणखी एक कप चहा दिला. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात तेवढी धार मला आणता आली नव्हती.

गेल्या वर्षी पुतण्या पुण्याची नोकरी सोडून आला. लॉन बंदच पडलं होतं. तो माझ्याकडं आला, बाग सगळी हिंडला, मोबाइलवर फोटो काढले. "काकी, पाव्हणे उतरायला दोन-तीन खोल्या करायच्यात. शहरातल्या मानसांना असंच लागतंय आता. मला असाच काठ करून द्याल? खुंट द्या, कुठं काय लावायचं सांगा."

"देते," मी म्हटलं. "पन सिमेंटवर वाळुंज येत न्हाई. आधी डेक काढ."

त्यानं वडिलांच्या व्हरांड्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "आप्पांना इचारतो."

काय बोलणं झालं मला माहीत नाही. आवाज ऐकू आले, मग थांबले. पंधरा-वीस दिवसांनी कामगार आले, ब्रेकर घेऊन. मी ओट्यावरची खुर्ची उचलून कुंपणाशी नेली आणि बसले. जेवण तिथंच घेतलं. कठडा पडला, जिना गॅसनं कापला, सज्जा उतरवला, मग स्लॅबचे तुकडे होऊ लागले. प्रत्येक ढपला सुटताना मला दिसत होता. पलीकडं व्हरांड्यात दीर खुर्ची टाकून बसले होते. तेही बघत होते. आमच्यामध्ये धुरळा होता.

संध्याकाळी कामगार गेल्यावर ते काठी टेकत कुंपणापाशी आले. म्हातारे झालेत. टोपी तीच, पण आता डोक्याला मोठी होते.

"झालं का आता समाधान, सिस्टर?"

मी खरंच विचार केला. उत्तर शोधायला मी कुठं कुठं हात घातला ते मलाच माहीत. मिक्सरच्या आवाजातली पंगत, खड्ड्यापुढं काठीवर उभे असलेले हे, 'पाणी' आणि 'नको'.

"अजून न्हाई, भावजी."

त्यांनी मान हलवली, जणू हेच ऐकायला आले होते, आणि परत गेले. माफीचा शब्द ते बोलले नाहीत. मीही मागितला नाही.

या उन्हाळ्याच्या अखेरीस मी पुतण्याच्या काठावर उभी राहून त्याला लागण सांगितली. शेरणी कुठं, लव्हाळा कुठं, वाळुंजं कशी विस्कटून लावायची, पाहुण्यांच्या खोल्यांसमोर कुठं मोकळं सोडायचं म्हणजे त्यांना उठल्या उठल्या पाणी दिसेल. पोरगा चांगला आहे, मन लावून शिकतो. सगळं झाल्यावर मी त्याला त्याच्या वडिलांच्या व्हरांड्यासमोर निगडी लावायला सांगितली, दोन हातांवर एक, दाट.

"हितं कशाला काकी?"

"डास येत न्हाईत निगडीनं," मी म्हटलं.

ते खोटं नाही. आणि निगडी वाढतेही लवकर.